धोंड्याच्या महिन्यातला अ‍ॅकॉर्डियन

समुद्राची भीती सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल, तर ती नागपूरच्या माणसाला. कोळी रोज समुद्रावर जातो, त्याला सवय असते. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. त्यामुळे माझा मोठा भाऊ पश्चिम जर्मनीहून माझ्यासाठी अ‍ॅकॉर्डियन पाठवणार असं ठरलं, तेव्हा आमच्या इतवारीच्या घरात पहिली चर्चा झाली ती जहाज बुडण्याची.

"बाप्पा, जहाज बुडलं तं?" आईने विचारलं. बुडालं तर अ‍ॅकॉर्डियनबरोबर खलाशीही बुडतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी तेव्हा मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. शाळेत कवायतीच्या गाण्यांसाठी एक अ‍ॅकॉर्डियन होता. त्याच्या काही पट्ट्या मुक्या होत्या आणि भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं होतं. लहानपणी घरी पेटी शिकले होते, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पण दोन वर्षांत माझा हात त्याच्यावर असा बसला, की मुक्या पट्ट्या चुकवून मी कुठलंही गाणं वाजवायची. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

तो ऑर्केस्ट्रांचा काळ होता. नागपुरात गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले होते आणि गणपतीपासून कोजागिरीपर्यंत त्यांना तारखा पुरत नसत. त्यातल्या एका नावाजलेल्या ऑर्केस्ट्राच्या मालकाने शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला ऐकलं आणि मला बोलावून घेतलं. माणूस सरळ होता. म्हणाला, "बाई, हात चांगला हाये तुमचा. पन हा शाळेचा डब्बा घेऊन स्टेजवर येता नाही येनार. सोताची पेटी आना, जागा तुमची."

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्या वेळी ऑर्केस्ट्रात बाई असायची ती गाणारी. चमकीची साडी, हातात माईक, आणि निवेदकाचे फालतू विनोद सोसायचे. वाजवणारी बाई नागपुरात मी तरी पाहिली नव्हती. मला पहिली व्हायचं होतं. पोरींच्या कवायतीसाठी 'एक-दो, एक-दो' वाजवत निवृत्त व्हायचं नव्हतं.

असा अ‍ॅकॉर्डियन इथे मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी आमच्या ऐपतीबाहेर असता. मी दादाला लिहिलं. तो तिकडे एका कारखान्यात कामाला होता. त्याने एका शब्दाने कुरकुर न करता हो म्हटलं. माझ्या आयुष्यात बिनशर्त हो म्हणणारा तो एकच माणूस, आणि तो साता समुद्रापलीकडे राहत होता.

घरात मात्र शब्द चालायचा तो मोठ्या बाबांचा. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. इतवारीत त्यांचं किराण्याचं दुकान होतं, आणि दुकानात बसून जगातल्या सगळ्या विषयांवर निकाल द्यायची त्यांना सवय होती. माझे वडील त्यांच्यापुढे घसा खाकरायचे, तेवढंच त्यांचं बोलणं. 'ऑर्केस्ट्रा' म्हटल्यावर मोठ्या बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'जर्मनी' म्हटल्यावर त्या गेल्या. पोरगी स्टेजवर बसणार ही बदनामी होती, पण घरात फॉरेनची पेटी येणार ही इभ्रत होती, आणि इभ्रत जड भरली.

दादाने कळवलं होतं की पेटी विमानाने पाठवली तर भाडंच पेटीच्या किमतीला जाऊन भिडतं. जहाजाने पाठवली तर स्वस्त पडेल, पण दोन-तीन महिने धरा. यावर आमच्याकडे मोठी बैठक बसली. शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर आले. ते एकदा मुंबईच्या चौपाटीवर घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले होते, म्हणून समुद्राच्या बाबतीत त्यांचं मत घेतलं जायचं. त्यांनी सांगितलं की खाऱ्या हवेने लोखंड सडतं. कोणी म्हणालं डॉकवरचे हमाल आकडा मारून खोकी फोडतात. कोणी म्हणालं कस्टमवाले पेटी काढून घेतात आणि आत विटा भरतात. हे ऐकून आईने डोळ्याला पदर लावला.

मोठ्या बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निर्णय दिला. "जहाजानंच येऊ दे. पन समुद्राचा विमा काढ म्हना त्याले. बुडलं तं पैसा भेटीन."

दादाने विमा काढला. खोकं दुहेरी बांधलं, आत मेणकापड घातलं, आणि जहाज निघालं. घरात रोज रेडिओवर वादळाच्या बातम्या ऐकल्या जाऊ लागल्या. बंगालच्या उपसागरात वादळ असलं तरी मोठे बाबा काळजी करायचे. आपलं जहाज अरबी समुद्रातून येतं, हे मी सांगितलं तर म्हणायचे, "पानी पान्याले लागून असते वं."

जहाज बुडालं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते मुंबईला लागलं आणि बुडण्याची खरी वेळ आली. कस्टमची ड्युटी पेटीच्या किमतीपेक्षा जास्त निघाली. वाद्य हे चैनीच्या वस्तूंत मोडतं, असं सरकारचं मत होतं. त्याच सरकारच्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ वाद्यं वाजायची, पण ते असो. माल सोडवणाऱ्या एजंटाने आपलं कमिशन सांगितलं. मोठे बाबा संतापले आणि स्वतः मुंबईला गेले. किराण्याच्या दुकानात गुळाच्या ढेपेचा भाव करावा तसा त्यांनी एजंटाशी भाव केला. रोज थोडं कमी करून घ्यायचे आणि लॉजवर येऊन झोपायचे. एजंट शेवटी उतरला. तोवर माल वेळेत न उचलल्याचं डॅमरेज इतकं चढलं होतं, की वाचवलेलं कमिशन त्यात कुठल्या कुठे गेलं. वर लॉजचं भाडं वेगळं.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "मुंबईचे लोक भल्ले हरामी. पन आपुन बी इतवारीचे आहो." डॅमरेजचा विषय कोणी काढला नाही. वडिलांनी घसा खाकरला.

खोकं ट्रकने निघालं आणि वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात येऊन पडलं. वाडी म्हणजे नागपूरच्या वेशीवरचीच वस्ती, आमच्या घरापासून सायकलरिक्षाने जाण्याइतकी जवळ. मी शाळेच्या सुट्टीत होते. शाळेचा अ‍ॅकॉर्डियन शाळेतच कुलूपबंद होता, महिनाभर माझ्या बोटांना काम नव्हतं. नवीन पेटीच्या पट्ट्यांची रुंदी वेगळी, वजन वेगळं. मला सरावाला एकेक दिवस हवा होता. बातमी आली तशी मी चप्पल घालून उभी राहिले.

"कुठं चालली वं?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"वाडीले. पेटी आनाले."

"आता? धोंडा लागला ना कालपासून!"

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, आणि नवी वस्तू घरात आणायची नाही. करायचं फक्त एक, जावयाला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारसे वाढायचे. म्हणजे घरात येण्यावर बंदी होती ती फक्त निर्जीव वस्तूंना.

मी म्हटलं, पूजा नंतर करू, आता नुसतं खोकं आणून अंगणात ठेवू. मोठे बाबा म्हणाले, अंगण घरातच धरतात. मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीकडे ठेवू. ते म्हणाले, आपली इतक्या मोलाची वस्तू दुसऱ्याच्या घरी, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, वाडीला पत्र्याचं गोदाम आहे, उन्हाने काही झालं तर? यावर ते अशा समजुतीने हसले, की मला ते हसणं अजून आठवतं आणि अजून राग येतो.

"अवं, थे समुद्रातून आली. इतल्या लाटा खाल्ल्या तिनं. वाडीत तिले काय होते? आन खोक्यावर छत्रीचं चित्र हाये, मी सोता पाह्यलं मुंबईले. म्हंजे पान्यापासून जपा. पानी कुठं हाये आता?"

नागपुरात मे महिन्यात छत्री कशासाठी उघडतात, हे ज्या माणसाने दुकानातून घरी येताना रोज डोक्यावर काळी छत्री धरली, त्याला मी सांगावं! मी ते बोलूनही दाखवलं. उलट उत्तर देते म्हणून आईने मला आत पाठवलं.

दोन दिवसांनी कोणाला न सांगता मी वाडीला गेले. गोदाम लांबलचक होतं, वरून आणि तिन्ही बाजूंनी पत्रे. आत पाय ठेवला तर श्वास अडकला. मागच्या भिंतीला लागून, थेट पत्र्याखाली आमचं खोकं होतं. मी त्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. तिथल्या मुनीमाला मी सांगितलं की मला माल घेऊन जायचा आहे. त्याने बिल्टी मागितली. बिल्टी, म्हणजे माल सोडवायची पावती, मोठ्या बाबांच्या बंडीच्या खिशात होती. मग मी विनवलं की निदान हे खोकं ऑफिसात पंख्याखाली ठेवा.

तो म्हणाला, "बाई, इथं मानसाले पंखा नाही, पेटीले कुठून देऊ?" त्याच्या कपाळावरून घाम कागदावर गळत होता, तो खोटं बोलत नव्हता. मी हात हलवत घरी आले.

मग नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. ज्यांनी नागपूरचा नवतपा काढला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. आमच्या घरी धोंड्याआधी आणलेला नवा कूलर होता, त्याच्यासमोर मोठ्या बाबांचे जावईबुवा उघड्या अंगाने बसले होते आणि अनारसे खात होते. गार वाऱ्याने त्यांना सर्दी झाली. त्यांनी अगत्याने विचारलं, "जर्मनीची पेटी कधी येऊन राहिली?" मोठे बाबा म्हणाले, "आली. आरामात हाये. मुहूर्त पाहून आनू." मी अनारशांचं ताट त्यांच्यापुढे जरा आपटलंच. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं.

गोदामवाल्यानेही डॅमरेज लावलं होतं. पण मुंबईचं डॅमरेज लूट होती, वाडीचं धर्मापोटी होतं. ते मोठ्या बाबांनी हूं की चूं न करता भरलं.

ऑर्केस्ट्राच्या मालकाला मी जाऊन सांगितलं की उशीर होतोय. त्याने उलट मलाच धीर दिला. "धोंड्यात तालीम मीबी नाही सुरू करत, बाई. महिना सरला की दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी या." त्याच्यावर तरी काय रागवायचं? सगळं शहरच थांबलं होतं. एक ऊन तेवढं थांबलं नव्हतं.

महिना सरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्तावर खोकं वाजतगाजत दारात आलं. गल्लीतली माणसं जमली, पोस्टमास्तर पहिल्या रांगेत. मोठ्या बाबांनी खोक्यावर नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. म्हणजे छत्रीच्या चित्राची आज्ञा शेवटी त्यांनीच मोडली. खिळे निघाले, मेणकापड निघालं, आणि आतून तो बाहेर आला. लाल, मोत्यासारख्या पांढऱ्या पट्ट्यांचा, एकही ओरखडा नसलेला. समुद्र, आकडे, कस्टम, ट्रक, कोणीही त्याला धक्का लावला नव्हता. मला रडू यायला लागलं. आईने त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि मी पट्टे खांद्यात अडकवून भाता ओढला.

आतून आधी खडखड ऐकू आली. मग एक पट्टी दाबली तर चार सूर एकदम ओरडले, आणि दुसरी दाबली तर नुसता वारा गेला. मी पुन्हा दाबली. तापलेली म्हैस हंबरावी तसा आवाज निघाला आणि बंदच होईना.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पोस्टमास्तर म्हणाले, "वा!" आणि मोठ्या बाबांनी सगळ्यांना समजावलं, "फॉरेनचा आवाज असाच असते. आपल्या कानाले आदत नाही."

पेढे वाटून झाल्यावर मी माजघरात पेचकस घेऊन त्याला उघडलं. अ‍ॅकॉर्डियनच्या आत लाकडी चौकटींवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यातूनच सूर निघतात. त्या स्क्रूने बसवलेल्या नसतात, मधमाशीच्या मेणाने चिकटवलेल्या असतात. हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. मेण वितळून तळाशी जमा झालं होतं आणि पट्ट्या घसरून त्यात ढिगाने पडल्या होत्या. मेणाला गोड वास येत होता. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेली वस्तू आपल्याच माणसांनी घरापासून हाकेच्या अंतरावर शिजवली होती.

संध्याकाळी तरीही मी त्याला रिक्षात घालून तालमीला नेलं. काय आशा होती कोण जाणे. मालकाने दोन सुरांत हात वर केला.

"बाई, ह्याच्यापेक्षा तुमचा शाळेचा डब्बा बरा होता."

"दुरुस्त करते मी. मले थोडा टाइम द्या."

"कितीक?"

आतल्या किती पट्ट्या सुटल्या होत्या, तेही मी अजून मोजलं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. हनुवटी खाजवत म्हणाला की रायपूरचा एक जण पेटीसकट तयार आहे, सीझन कोणासाठी थांबत नाही. आणि मग फार दया येऊन त्याने विचारलं, "खंजिरी वाजवता का?"

मी नाही म्हटलं. आजही मला त्या नाहीचा पश्चात्ताप नाही.

मोठ्या बाबांनी विम्याचा दावा ठोकला. पाहणी करायला कंपनीचा माणूस आला. अ‍ॅकॉर्डियन उलटासुलटा करून म्हणाला, पाणी लागलेलं नाही. मोठे बाबा म्हणाले, समुद्राची हवा लागली. त्याने विचारलं, माल वाडीला कधी आला आणि घरी कधी आणला? मोठ्या बाबांनी अभिमानाने सगळं सांगितलं. तो गृहस्थ आमच्याच भागातला होता. मान डोलावून म्हणाला, "बरोबर केलं तुम्ही. धोंड्यात कोनी नवी वस्तू आनते का?" उरलेले अनारसे त्याने खाल्ले, चहा घेतला, आणि आठवड्याने दावा नामंजूर झाल्याचं कळवलं. तेव्हापासून मोठे बाबा दुकानात गिऱ्हाइकांना सांगत, की समुद्रापारहून काही मागवू नका बाप्पा, खारी हवा आतून खाते.

अ‍ॅकॉर्डियन काचेच्या कपाटात गेला. दादाला मी खरं काय ते लिहिलं. त्याने तिकडून मेण कसं लावायचं ते समजावून सांगितलं, आणि मी सुट्टीच्या दिवशी एकेक पट्टी साफ करून बसवू लागले. घाईचं काम नव्हतंच ते. आता घाई कशाची होती?

गणपतीत आमच्या चौकात त्याच ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. घरचे सगळे गेले, न जावं तर चर्चा होईल म्हणून मीही गेले. मोठे बाबा पुढे बसले होते आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. रायपूरचा तो माणूस स्टेजच्या डाव्या बाजूला बसला होता. वाईट वाजवत नव्हता. एका जलद तुकड्यात त्याची बोटं अडखळली, तिथे माझी बोटं मांडीवर आपोआप चालून गेली आणि ती अडखळली नाहीत. मी हात पदराखाली घेतला.

गाणं संपलं. मोठ्या बाबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरं कौतुक होतं, खोटं काही नव्हतं.

"तू ह्याच्यापेक्षा चांगली वाजवते वं," ते म्हणाले. "ह्या लोकायनं तुले बलावलं होतं ना? मंग काहून नाही गेली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

"धोंड्याचा महिना होता, मोठे बाबा."

त्यांनी क्षणभर विचार केला.

"हो," ते म्हणाले, "मंग बरोबर केलं तू." आणि पुढचं गाणं सुरू झालं तसे ते स्टेजकडे वळून ताल धरू लागले.